परसातील मांजरीची पिल्ले पावसाच्या तोंडावर घरात घ्यावीत का?

आबोली, फोंडा

नमस्कार. आमचे घर फोंड्याजवळच्या एका वाड्यावर आहे; जुने, कौलारू, मागे पडवी आणि पडवीपलीकडे थोडेसे कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग. गेल्या वर्षापासून एक तिरंगी मांजर परसात ये-जा करते. ती कोणाच्या मालकीची नाही. सासूबाई मासळी साफ करायला बसल्या की ती नेमकी पायरीवर हजर होते, पण हात पुढे केला की फिस्कारून दूर सरते. पडवीत नारळाची सोडणे आणि जळाऊ लाकडे रचून ठेवली आहेत, त्यांच्या मागे ती व्याली असल्याचे आता लक्षात आले आहे. चार पिल्ले आहेत, डोळे नुकतेच उघडलेले दिसतात, आणि त्यातले एक इतरांपेक्षा स्पष्टपणे लहान आहे.

पाऊस कधीही सुरू होईल, आणि पागोळ्यांचे पाणी नेमके त्याच कोपऱ्यात उडते. आई मध्येच बराच वेळ दिसेनाशी होते, तेव्हा पिल्लांना घरात घेऊन दूध पाजावे असे मनात येते. शेजारचे म्हणतात, ‘पिल्ले जरा मोठी झाली की मासळी बाजारात सोडून या, तिथे पोट भरेल.’ हे मला मुळीच पटत नाही, पण त्याऐवजी नेमके काय करावे याची स्पष्ट कल्पनाही नाही. म्हापशाला माझ्या भावाकडे एक पिल्लू घेण्याची तयारी आहे. ते केव्हा द्यावे? पुन्हा पिल्ले होऊ नयेत म्हणून मांजरीचे ऑपरेशन करून घ्यायचे तर ती पिल्लांना पाजत असताना होते का? घरात एक कुत्रा आहे, आणि माझी जाऊ गरोदर आहे, त्यामुळे सासूबाईंना मांजरांबद्दल थोडी धास्ती वाटते. ज्यांनी अशी पिल्ले सांभाळून पुढे चांगल्या घरी दिली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाळवंटीकाठ, साखळी

आबोलीताई, आज पिल्ले उचलू नका. आई जिवंत आहे, येते आहे आणि पाजते आहे, तोपर्यंत तिच्याइतकी चांगली व्यवस्था तुम्हाला किंवा मला करता येणार नाही. तिच्या दुधातून, विशेषतः पहिल्या दिवसाच्या चिकातून, पिल्लांना रोगप्रतिकारक्षमता मिळते आणि तिच्या अंगाची ऊब मिळते. शिवाय मांजराने मांजरासारखे कसे वागावे, किती जोराने चावले की भावंड ओरडते, हे सगळे ती पिल्ले एकमेकांत आणि आईजवळच शिकतात. अनाथ समजून उचललेली बरीचशी पिल्ले मुळात अनाथ नसतात. आई खाणे शोधायला गेलेली असते आणि माणूस जवळ उभा आहे म्हणून परत यायला धजत नसते.

ती खरोखर येते का, हे पाहण्याचा एक साधा उपाय आहे. रात्री निजण्यापूर्वी सोडणांच्या समोरच्या जमिनीवर चुलीतली चाळलेली राख पातळ पसरून ठेवा. सकाळी तिच्यावर पावलांचे ठसे उमटलेले दिसले की आई रात्री येऊन गेली हे कळते. काही जण यासाठी पीठ वापरतात, पण पिठाला मुंग्या लागतात आणि मुंग्या इतक्या लहान पिल्लांना डसून बेजार करतात, म्हणून राखच बरी. दुसरी खूण पिल्लांची. पोट भरलेली पिल्ले एकमेकांवर ढीग करून शांत झोपतात आणि त्यांची पोटे गोलसर दिसतात. उपाशी पिल्ले सतत ओरडतात, विखुरतात आणि हाताला गार लागतात. ओरडणे थांबून पिल्लू गार आणि निपचित पडले, तर मात्र थांबू नका, ताबडतोब हालचाल करा.

माणसाचा हात लागला की आई पिल्ले टाकते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. वासामुळे तसे सहसा होत नाही. वारंवार डोकावल्याने, मुलांचा घोळका जमल्याने किंवा कुत्रा भोवती फिरल्याने मात्र ती बिथरते आणि पिल्लांना मानेला धरून एकेक करत दुसरीकडे हलवते, आणि ती दुसरी जागा एखाद्या बंद घराच्या माळ्यावर असली तर पिल्ले तुमच्या हातून कायमची जातात. म्हणून दिवसातून एकदाच, आई खायला बाहेर आलेली असताना पाहा, आणि कुत्र्याला सध्या पडवीकडे फिरकू देऊ नका.

पावसाची व्यवस्था आजच करून ठेवा. आंब्याची रिकामी पेटी किंवा मजबूत खोका घ्या, त्याच्या एका बाजूला मांजर सहज आत जाईल एवढे भोक पाडा, आत जुन्या सुती साडीच्या घड्या घाला (टॉवेलच्या धाग्यांत पिल्लांची नखे अडकतात), आणि पेटी दोन चिऱ्यांवर ठेवा म्हणजे खालून ओल लागणार नाही. ही पेटी सध्याच्या जागेपासून हातभर अंतरावर, पागोळ्यांपासून आत ठेवा. आई जेवत असताना चारही पिल्ले एकदमच तिच्यात ठेवा. दोन इकडे आणि दोन तिकडे अशी विभागणी करू नका. तिला पेटी पटली तर ती तिथे राहील, नाही पटली तर स्वतःच्या पसंतीचा कोपरा शोधेल, आणि तो कोपरा कोरडा असेल तर तिचे ऐकावे.

आता त्या लहान पिल्लाबद्दल. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि चारही पिल्लांचे वजन रोज ठरावीक वेळी एका वहीत लिहा. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते आणि त्यानंतर रोज १० ते १५ ग्रॅम वाढते. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात, म्हणजे तुमची पिल्ले दोन आठवड्यांच्या आतबाहेर असावीत आणि त्यांचे वजन दोनशे ग्रॅमच्या पुढे असायला हवे. लहान पिल्लू इतरांपेक्षा हलके असूनही रोज वाढत असेल तर त्याला आईकडेच राहू द्या. वजन एक दिवस थांबले तर लक्ष ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी घटले तर त्या एकट्याला वरचे दूध सुरू करा, पण दोन पाजण्यांच्या मधल्या वेळात त्याला पुन्हा आईच्या कुशीत ठेवा.

वरचे दूध म्हणजे गाईचे दूध नव्हे. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात, आणि एवढ्या लहान जिवाचे अंगातले पाणी बघता बघता कमी होते. मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची भुकटी पशुखाद्याच्या दुकानांत मिळते, ती डब्यावरील प्रमाणाप्रमाणे कोमट पाण्यात कालवावी. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी आणि मगच पाजावे, कारण गार पोटात दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झाले तर पिल्लाला दूर सरकता येईल. पाजताना पिल्लू पालथे, पोटावर असावे आणि मान किंचित वर असावी. तान्ह्या मुलासारखे उताणे धरून पाजले तर दूध फुफ्फुसात जाते, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया बहुधा जिवावर बेततो. या वयात दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपणहून लघवी-शौच करता येत नाही, आई चाटून ते करवते. आई नसेल तर प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्या जागी हलकेच पुसावे लागते.

आईला भरपूर खायला घाला, हीच सध्या पिल्लांची सर्वांत मोठी सेवा आहे. पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट आहार लागतो. बांगड्याची डोकी आणि आतडी कच्चीच टाकण्याची आपली सवय आहे, पण रोज निव्वळ कच्ची मासळी बरी नव्हे. काही माशांत थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्याने निष्प्रभ होतो. मासळी किंवा कोंबडीचे मांस मीठ, मसाला, कांदा, लसूण न घालता उकडावे, काटे आणि हाडे काढावीत. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशींना घातक असतो, म्हणून हुमणाचा (माशांच्या कालवणाचा) उरलेला रस्सा भातावर घालून देऊ नये. पिल्लांसाठीचे कोरडे खाद्य आईलाही चालते आणि तिला ते यावेळी मानवते. शेजारी स्वच्छ पाण्याचे भांडे असावे.

पशुवैद्य, सत्तरी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. वैद्यकीय बाजूचे काही मुद्दे जोडतो.

मांजरीचे ऑपरेशन पिल्ले पूर्णपणे दुधावरून सुटल्यावर आणि तिचे दूध आटल्यावर करणे सोयीचे असते. म्हणजे पिल्ले सुमारे आठ आठवड्यांची झाल्यावर आणखी दोनेक आठवडे. परंतु हा काळ तिला बाहेर मोकळे सोडून घालवू नका. पाजणारी मांजर गाभण राहत नाही हा समज चुकीचा आहे. बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच ती पुन्हा माजावर येऊ शकते. गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो, त्यामुळे एक मांजर वर्षातून दोन-तीन वेळा विते. आपल्या हवामानात दिवसाची लांबी वर्षभरात फारशी बदलत नसल्याने माजाचा हंगाम असा काटेकोरपणे संपतच नाही. दूध आटण्याआधी ती निसटण्याची भीती असेल, तर अनुभवी शल्यचिकित्सक पाजत असतानाही शस्त्रक्रिया करू शकतात आणि शुद्धीवर आल्यावर ती पुन्हा पिल्लांना पाजते. हा निर्णय तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनी घ्यावा.

पिल्लांचे ऑपरेशन चार-पाच महिन्यांचे वय झाल्यावर करून घ्यावे. ‘एकदा तरी विऊ द्यावे’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजापूर्वी ऑपरेशन झालेल्या मांजरींमध्ये स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच कमी असते. बोक्यांचेही करावे, त्याने भटकणे, मारामाऱ्या आणि मूत्राचे फवारे बरेच कमी होतात.

जंतांचे औषध तीन आठवड्यांच्या आसपास सुरू करून दर दोन आठवड्यांनी द्यावे लागते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजनाची वही घेऊनच दवाखान्यात जा. मांजरांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांच्या वयापर्यंत पुन्हा दिली जाते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात द्यावी.

या लसींपैकी पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य रोगाविरुद्धच्या लसीबद्दल मी विशेष आग्रह धरतो. हा विषाणू पिल्लांना काही दिवसांत संपवतो. ताप, उलट्या, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसणे आणि मग जुलाब, असा त्याचा साधारण क्रम असतो, आणि कित्येकदा जुलाब सुरू होण्यापूर्वीच पिल्लू दगावते. हा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर आणि कपड्यांवर वर्षभर टिकू शकतो. म्हणून बाहेरून आणलेले मांजर घरातील इतर मांजरांपासून किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, त्याची भांडी वेगळी असावीत आणि त्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवून कपडे बदलावेत. जमीन आधी स्वच्छ धुऊन मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे ठेवावे, नंतर पाण्याने धुवून वाळू द्यावे. आपल्या घरोघरी वापरले जाणारे फिनेल मात्र मांजरांच्या खोलीत मुळीच वापरू नये. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराच्या यकृताला बाहेर टाकता येत नाहीत, आणि मांजर पाय चाटते तेव्हा ती पोटात जातात.

त्याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या पाठीवर टाकायचे गोचिडांचे थेंबही मांजराला लावू नयेत. त्यांपैकी काहींतील पर्मेथ्रिन या कीटकनाशकामुळे मांजराला झटके येतात. तुमच्या घरी कुत्रा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो: त्याला असे औषध लावले असेल, तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजर त्याच्याजवळ येऊ देऊ नका. लहान पिल्लांच्या पिसवा बारीक दातांच्या फणीने काढाव्यात आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवावी. हिरड्या फिकट पांढुरक्या दिसत असतील, तर पिसवांनी रक्त शोषल्यामुळे पिल्लाला पंडुरोग झालेला असू शकतो. असे पिल्लू त्याच दिवशी दाखवावे.

जाऊबाईंबद्दलची काळजी समजण्यासारखी आहे, पण त्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही. गर्भाला अपायकारक ठरू शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग मांजराच्या विष्ठेतून होऊ शकतो. मात्र त्या विष्ठेतील बीजकोश संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. दुसऱ्या कोणीतरी वाळूचा ट्रे रोज साफ केला, जाऊबाईंनी त्याला हात लावला नाही, परसातील मातीत काम करताना हातमोजे घातले, भाज्या धुऊन घेतल्या आणि मांस नीट शिजवले, तर धोका फार कमी होतो. त्यांच्या डॉक्टरांना मात्र घरात मांजरे आहेत हे सांगून ठेवावे.

शेवटी रेबीज. मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी वर्षानुवर्षे केलेल्या कुत्र्यांच्या सामूहिक लसीकरणामुळे गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्यामुळे मांजर चावल्यावर हलगर्जी करण्याची मुभा मिळत नाही. ओरखडा किंवा चावा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लसीविषयी विचारावे. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, त्यामुळे वरून लहान दिसणारी जखमही आतून चिघळते.

साळकाठ, मडगाव

एवढे सगळे एका कुटुंबाने करणे कठीण आहे. प्राण्यांच्या निवाऱ्यात चारही पिल्ले आणि आई नेऊन दिली तर तिथे डॉक्टरही असतात आणि माणसेही असतात. आबोलीताईंच्या घरी गरोदर बाई आहे, कुत्रा आहे, वरून पावसाळा आहे. आपण त्यांच्यावर फार मोठी जबाबदारी टाकत नाही ना, याचा विचार व्हावा.

मांडवीपार, बेती

साळकाठ, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि ज्यांना खरोखरच शक्य नाही त्यांनी संस्थेला फोन करण्यात काहीही गैर नाही. परंतु दोन आठवड्यांच्या पिल्लांना निवाऱ्यात नेणे हा सोपा मार्ग वाटत असला, तरी पिल्लांसाठी तो सर्वांत धोक्याचा असतो. निवाऱ्यात चहूकडून आजारी आणि जखमी जनावरे येतात, पिल्लांची लस अजून सुरू झालेली नसते, आणि वर पशुवैद्यांनी लिहिलेला विषाणू अशाच ठिकाणी झपाट्याने पसरतो. पावसाळ्यात तर पिल्लांच्या खोक्यांची रीघ लागते आणि दर तीन तासांनी प्रत्येकाला पाजायला तेवढी माणसे नसतात. म्हणूनच संस्था स्वतःच घरगुती सांभाळ करणाऱ्यांच्या शोधात असतात. एका घरातील एक रिकामी खोली म्हणजे निवाऱ्यातील त्या गर्दीतून वाचलेली एक पूर्ण वीण असते.

संस्थांची मदत घ्यायची ती ऑपरेशनसाठी आणि पिंजऱ्यासाठी. उत्तर गोव्यात आसगाव येथे इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू आणि वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिस यांची केंद्रे आहेत, दक्षिणेत कुडचडे येथे गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट आहे. राज्याच्या पशुसंवर्धन आणि पशुवैद्यकीय सेवा खात्याचे दवाखाने तालुक्यातालुक्यांत आहेत. जाण्यापूर्वी फोन करून दिवस ठरवून घ्यावा, कारण आयत्या वेळी पिंजऱ्यात घाबरलेले मांजर घेऊन तासन्‌तास बाहेर थांबण्याची पाळी येऊ नये.

तुमची मांजर हाताला येत नाही, त्यामुळे तिला पोत्यात किंवा चादरीत पकडण्याचा प्रयत्न करू नका. तीही जखमी होईल आणि तुम्हीही. सापळ्याचा पिंजरा आणा, पण पहिले काही दिवस त्याचे दार बांधून उघडेच ठेवा. तिचे जेवण आधी पिंजऱ्याच्या तोंडाशी, मग थोडे आत, मग अगदी मागच्या टोकाला, असे सरकवत न्या. ती निर्धास्तपणे आत जाऊन खायला लागली की ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दार लावण्याची कळ चढवा. दार पडताच ती आतल्या आत उसळ्या मारील, त्या क्षणी जाड चादर पूर्ण पिंजऱ्यावर टाका. अंधार झाला की बहुतेक मांजरी मिनिटभरात शांत होतात. रात्री तिला कोरड्या, बंद खोलीत ठेवा, आणि उपाशी किती वेळ ठेवायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

शस्त्रक्रियेच्या वेळी गुंगीतच तिच्या डाव्या कानाचे टोक थोडेसे छाटायला सांगा. दिसायला बरे वाटत नाही म्हणून काही जण नको म्हणतात, पण हीच खूण तिला पुढे पुन्हा पकडले जाण्यापासून आणि पुन्हा पोट उघडले जाण्यापासून वाचवते. नंतर एक-दोन दिवस तिला घरातच बंद ठेवून टाक्यांवर लक्ष ठेवा आणि मग जिथून पकडली त्याच परसात सोडा. दुसऱ्या गावी नेऊन सोडणे म्हणजे तिला अनोळखी बोक्यांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडी देणे आहे. शिवाय तुमच्या परसातील रिकाम्या जागी थोड्याच काळात दुसरी, ऑपरेशन न झालेली मांजर येते.

मासळी बाजाराच्या सल्ल्याबद्दलही लिहिणे मला आवश्यक वाटते. बाजारात पोट भरते हा भ्रम आहे. तिथे आधीच टोळ्या ठरलेल्या असतात, आणि आईशिवाय टाकलेली पिल्ले टेम्पोच्या चाकाखाली येतात किंवा नाकातोंडातून पू वाहत टोपल्यांखाली लपून बसतात. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ नुसार, उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे. शेजाऱ्यांना कायदा दाखवण्याआधी ऑपरेशनची तारीख सांगा, असे मी सुचवीन. बहुतेकांचा राग मांजरावर नसतो, दर काही महिन्यांनी वाढणाऱ्या संख्येवर आणि रात्रीच्या ओरडण्यावर असतो, आणि तो राग ऑपरेशनने खरोखरच निवतो.

खाजन, दिवाडी

मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. मी मांजरप्रेमी आहे, पण आमच्या भागात मोकळी मांजरे पाखरांची पिल्ले, सरडे आणि खारी मारतात हे रोज डोळ्यांनी पाहतो. पोट भरलेले मांजरसुद्धा शिकार करते. कुळागरात तर जमिनीलगत घरटी करणारे पक्षी आहेत. तेव्हा पिल्ले दत्तक देताना ‘घरातच राहील’ ही अट असलीच पाहिजे, आणि आईलाही निदान रात्री व पहाटे पडवीत आत घेण्याची सवय लावावी. तिला पुन्हा मोकळे सोडणे हा मला पूर्ण समाधानकारक मार्ग वाटत नाही.

वाळवंटीकाठ, साखळी

खाजन, पिल्लांबाबत तुमचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. आईबाबत थोडा मतभेद आहे. जिने कधी माणसाचा हात लावून घेतला नाही अशा प्रौढ मांजरीला कायमचे कोंडणे हा तिच्यावर अन्याय होतो. ती खाणे सोडते, मूत्ररोधाने आजारी पडते. तिची संख्या न वाढणे हाच पाखरांसाठीही सर्वांत मोठा दिलासा आहे. मात्र ठरावीक वेळी, सूर्यास्तापूर्वी पडवीत जेवण देऊन तिला रात्री तिथेच निजायची सवय लावण्याची तुमची सूचना मी आबोलीताईंना आवर्जून करतो.

आबोली, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. राखेवर ठसे उमटले, आई रात्री येते. आंब्याच्या पेटीत पिल्ले हलवली, तिने ती हुंगली, एकदा भोवती फिरली आणि आत जाऊन आडवी झाली. लहान पिल्लाचे वजन वाढते आहे, इतरांपेक्षा हळू, पण वाढते आहे. वजनाची वही आता सासूबाईंनीच ताब्यात घेतली आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. पिल्ले माणसाळावीत म्हणून त्यांना केव्हापासून हाताळायचे, कारण आईसारखी तीही रानटीच राहिली तर कोणी घेणार नाही. आणि भावाच्या घराव्यतिरिक्त उरलेल्या तिघांसाठी घर कसे पारखायचे? चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी पुष्कळ पाहुणे येतात, त्यातले काही जण जाताना पिल्लू मागतील असे वाटते.

मांडवीपार, बेती

माणसाळण्याचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो, आणि तो निघून गेला की तीच गोष्ट कित्येक पटींनी कठीण होते. म्हणून आतापासूनच वजन करताना प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे ओंजळीत धरा, कानामागे आणि गालावर बोट फिरवा. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्ले पेटीबाहेर धावू लागतील. तेव्हा आईसकट सगळ्यांना एका खोलीत घ्या. आई पिंजऱ्याला सरावलेली असेल तर हे सोपे जाईल, आणि ती पुन्हा गाभण राहण्याचा धोकाही टळेल. त्या खोलीत उथळ ट्रेमध्ये बारीक वाळू ठेवा. ओल लागताच गोळा होणारी विकतची वाळू एवढ्या लहान पिल्लांना नको, कारण ती चाखून पाहतात. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणे सुरू करा: उकडलेली कोंबडी कुस्करून किंवा कोरडे खाद्य कोमट पाण्यात भिजवून. घरातल्या पुरुषांचे आवाज, मिक्सर, मुलांचे हसणे हे सगळे दुरून कानावर पडू द्या. कुत्र्याची ओळख शेवटी, त्याला साखळीने धरून आणि पिल्लांना उंचावर पळायला जागा ठेवून करावी.

भावाकडचे पिल्लूसुद्धा आठ आठवड्यांपूर्वी देऊ नका. दहा-बारा आठवडे झाले तर अधिकच चांगले. लवकर तोडलेली पिल्ले पुढे चावरी आणि भित्री होतात. शक्य असेल तर दोन भावंडे एकत्र द्यावीत, विशेषतः ज्या घरात माणसे दिवसभर कामावर असतात तिथे. भावाला दोन घेण्याविषयी विचारून पाहा.

चवथीला कोणालाही पिल्लू देऊ नका. उत्सवाच्या आनंदात मागितलेले पिल्लू परतीच्या प्रवासात गाडीत ओरडते, घरी गेल्यावर खोलीभर विष्ठा करते, आणि मग ‘कुठेतरी’ सोडले जाते. ज्यांना खरेच हवे आहे ते आठवडाभराने पुन्हा फोन करतील. त्यांचेच नाव लिहून ठेवा. त्या दिवसांत आरत्या, फटाके आणि उघडी दारे यांपासून मांजरांची खोली कडी लावून बंद ठेवा आणि दारावर चिठ्ठी लावा. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री तर हे अधिकच लागू आहे.

घर पारखताना स्वतः जाऊन या. सदनिका असेल तर खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी आहे का ते पाहा, कारण मांजर उंचावरून पडत नाही ही समजूत खोटी आहे. घर भाड्याचे असेल तर मालकाची परवानगी विचारा. आधी मांजर होते का आणि त्याचे काय झाले, हा प्रश्न मी नेहमी विचारतो. उत्तर देतानाचा सूर बरेच सांगून जातो. ‘उंदीर मारायला हवे’ म्हणून मागणाऱ्यांना मी देत नाही. एका कागदावर चार गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात: उरलेल्या लसी दिल्या जातील, पाच महिन्यांच्या सुमारास ऑपरेशन होईल, मांजर घरातच राहील, आणि काही कारणाने ठेवता आले नाही तर ते तुमच्याकडेच परत येईल. ऑपरेशनच्या महिन्यात तुम्ही स्वतः फोन करा, कारण याच टप्प्यावर चांगली माणसेसुद्धा चालढकल करतात, आणि एका चालढकलीतून पुन्हा चार पिल्ले कोणाच्या तरी पडवीत येतात.

पशुवैद्य, सत्तरी

एवढेच जोडतो की पिल्ले देताना लसीकरणाची पुस्तिका सोबत द्यावी आणि सध्या चालू असलेले खाद्य आठवडाभर पुरेल एवढे बांधून द्यावे. जागा आणि आहार एकाच दिवशी बदलला की पिल्लांचे पोट बिघडते, आणि नवीन घरची मंडळी पिल्लू आजारी आहे असे समजून घाबरतात. आईला पिंजऱ्यात घेण्याचा दिवस ठरला की तिचे अंदाजे वजन आणि ती शेवटची केव्हा व्याली हे दवाखान्यात आधी कळवा, म्हणजे भुलीची तयारी त्याप्रमाणे करता येते.